बिनअग्नीचे: एका सिनेमाच्या नोंदी

६ मे २०२५

निर्माता ‘हो’ म्हणाला. पैसे कमी आहेत, पण ‘हो’ म्हणाला. आजपासून ही वही.

गोष्ट एका ओळीत: १८५७ चा पावसाळा, कोल्हापूरच्या पश्चिमेचे घाट, बंड करून मारले गेलेले शिपाई आणि मेल्यावर उठणारी त्यांची प्रेतं. कामाचं नाव ‘बिनअग्नीचे’. मराठीत झोंबी म्हटलं की लोक आधी हसतात, मग विचारतात, ‘विनोदी आहे का?’ नाही. एकही विनोदी झोंबी नाही.

सत्तावन्न म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे मेरठ, दिल्ली, झाशी. आमच्या घराजवळचं सत्तावन्न कुणाला फारसं माहीत नाही. ३१ जुलै १८५७ च्या रात्री, धो धो पावसात, कोल्हापुरात असलेली मुंबई लष्कराची २७ वी देशी पलटण उठली. खजिना लुटला. शहराचे दरवाजे मात्र बंद होते. काही शिपाई घाट उतरून कोकणाकडे गेले, काही शहराजवळच्या एका भक्कम जागेत अडून बसले. साताऱ्याहून लेफ्टनंट केर पन्नासेक स्वार घेऊन निघाला, पूर आलेल्या नद्यांमध्ये घोडे घातले आणि येऊन त्यांना मोडलं. त्याबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ऑगस्टच्या मध्यावर कंपनीचा अधिकारी जेकब आला आणि त्यानं पलटणीची हत्यारं काढून घेतली. राजांचे भाऊ चिमासाहेब कराचीला नेऊन ठेवले गेले आणि १८६९ मध्ये तिथेच वारले.

यातल्या कुणालाही आम्ही उठवणार नाही, हा पहिला नियम. पटकथेत पलटणीला आकडा नाही, शिपायांना खरी नावं नाहीत. ज्यांच्या घरी आजही तसबिरीला हार घातला जातो, त्यांच्या माणसाचं प्रेत रंगवून पडद्यावर चालवायला माझी छाती नाही. आणि इच्छाही नाही.

१४ मे

आज दिवसभर एकच वाद: आमची मढी उठून करतात काय?

आपल्याकडची भुतं रिकामटेकडी नसतात. मुंज्याला लग्न हवं असतं, हडळीला हिशेब चुकता करायचा असतो, समंधाला ठेव राखायची असते. प्रत्येकाची काहीतरी वासना राहिलेली. झोंबीला काहीच नको असतं, आणि म्हणून तो आपल्या मातीत रुजत नाही असं आमच्या संवादलेखकाचं म्हणणं. बरोबर आहे. पण झोंबी मुळात माणसं खाणारा नव्हताच. ती सवय त्याला १९६८ च्या एका अमेरिकन कृष्णधवल सिनेमानं लावली. हैतीमधला मूळचा झोंबी म्हणजे मेल्यावरही मालकासाठी राबणारं शरीर. उसाच्या मळ्यात गुलामांना मरेपर्यंत राबवलं जायचं. मरणानंतरही सुटका नाही, ही त्यांची सर्वांत मोठी भीती. त्याच लोकांनी १७९१ मध्ये उठाव केला आणि १ जानेवारी १८०४ ला स्वतंत्र देश घोषित केला. म्हणजे झोंबी आणि स्वातंत्र्ययुद्ध ही जोडी आम्ही ओढूनताणून जुळवलेली नाही. ती आधीपासून एका घरात नांदतेय.

तिथूनच नियम मिळाला. आमचे मेलेले शिपाई भुकेनं उठत नाहीत, हुकमानं उठतात. बिगुल वाजला की रांग धरतात. जिवंत असताना ज्या कंपनीविरुद्ध बंदूक उचलली, मेल्यावर तिच्याच हुकमात परत. सिनेमात खरं भय हेच असायला हवं, रक्त नाही.

मग चावणं? झोंबी चावला नाही तर तिकिटाचे पैसे परत मागतील. छायालेखक शांतपणे म्हणाला, ‘काडतूस चावतात की.’ खोलीत दोन क्षण कुणी बोललं नाही. ठासणीच्या बंदुकीचं कागदी काडतूस दातांनी तोडायचं, दारू नळीत ओतायची, गोळी घालायची, गजानं ठासायची, बार पेटवणारी स्फोटक टोपी चढवायची, झाडायची. वर्षानुवर्षांची कवायत. त्याच काडतुसाच्या चरबीवरून सत्तावन्नची ठिणगी पडली. पुढे कंपनीनं दातांऐवजी हातानं काडतूस फाडायची मुभा दिली, पण तोवर फार उशीर झाला होता. आमच्या मेलेल्या शिपायाच्या हातात काडतूस नाही, पण हात अजून तोंडाकडे जातो. हाताला जे लागेल ते तो दातांपाशी नेतो आणि तोडतो. कुणाचं मनगट लागलं तर मनगट.

यात भूक नाही, राग नाही. मला हे फार आवडलंय आणि आवडलंय याचीच थोडी भीती वाटतेय.

२५ मे

पटकथेचं वाचन. सगळे नट गोल बसले होते. शेवट असा होता की गावकरी माळ्यांवर जपून ठेवलेल्या शेणी, म्हणजे गोवऱ्या, बाहेर काढतात, भर पावसात छपराखाली चिता रचतात, मेलेल्यांना अग्नी देतात आणि मग ते शांत होतात. पावसाळ्यात कोरडं सरपण म्हणजे जिवाचा प्रश्न. वर्षाची चूल त्या शेणींवर चालायची आणि त्या मढ्यांसाठी द्यायच्या, हा त्यागाचा प्रसंग. कोल्हापूरकराला तो लगेच भिडेल, कारण आजही पंचगंगा स्मशानभूमीत लोक शेणी दान करतात.

पलटणीतल्या नाईकाची भूमिका करणारा मित्र म्हणाला, ‘माझा शिपाई मुसलमान आहे. त्याला जाळणार तुम्ही?’

मुंबई लष्कराच्या पलटणी मिसळीच्या असत. कोकणातले मराठे, महार, उत्तरेकडचे परदेशी, मुसलमान, बेने इस्रायलीसुद्धा, सगळे एका रांगेत. लाल कोटात फुगलेलं, चेहरा गेलेलं प्रेत समोर आलं तर ओळखायचं कसं? कुणाला लाकूड, कुणाला माती? चुकीचा संस्कार केला तर शांत होणार नाही. चित्रपटाचा सगळा तिसरा अंक या एका प्रश्नावर उभा राहू शकतो हे वाचन संपायच्या आत सगळ्यांना दिसलं. मात्र उत्तर कुणाकडे नव्हतं.

रात्री दहाला कपडेपट बघणाऱ्या ताईंचा फोन. ‘अरे, परटिणीला विचार ना.’

धुणावळीचे कपडे एकमेकांत जाऊ नयेत म्हणून परीट बिब्ब्याच्या रसानं खूण करतो. कॉलरच्या आत, नेफ्यात, अस्तरावर. बिब्ब्याचा डाग साबणानं जात नाही, उन्हानं जात नाही. पलटणीची परटीण असेल तर तिला कोट कुणाचा ते चेहऱ्याशिवाय कळणार. सुभेदाराला जे माहीत नाही ते तिला माहीत: कुणाच्या सदऱ्याला घामाचा वास, कोण कोट उसवून पैसे लपवतो, कोण घरी पत्र पाठवायला तिच्याकडून चार आणे उसने घेतो.

नायिका सापडली. आधीची नायिका, इनामदाराची मुलगी, तलवारबाजी येणारी, तिला सप्रेम निरोप.

२ जून

लाल कोट. मुंबईतल्या भाडेवाल्यांकडचे कोट सगळे एका हिंदी मालिकेत वापरून झालेले, सोनेरी झालरीसकट. ताईंनी सरळ लग्नाच्या बँडवाल्यांचे कपडे शिवणारा शिंपी गाठला. तो मापं न घेता अंगाकडे बघून कापतो. पहिला कोट तयार झाला तर इतका झकपक की मला सनई ऐकू यायला लागली. मग चहाचं पाणी, गेरू, आणि गच्चीत आठवडाभर ऊन. आता बरं दिसतंय.

कोट वर आणि खाली धोतर. मोहिमेवर शिपाई बरेचदा असेच असत. पडद्यावर ते विचित्र दिसणार आणि दिसू दे. अर्धा माणूस कंपनीचा, अर्धा घरचा, हे संवाद न लिहिता दिसतं.

कॉलरच्या आतल्या खुणा खऱ्या बिब्ब्यानं करायच्या नाहीत, बिब्बा अंगावर उततो. काळी शाई.

११ जून

बंदुका. पोस्टरवर सगळ्यांना एनफिल्ड रायफल हवी असते, पण सत्तावन्नमध्ये बहुतेक देशी पलटणींच्या हाती जुनी, आतून गुळगुळीत नळीची बंदूकच होती. नेम शंभर पावलांच्या पुढे देवाच्या भरवशावर. आम्ही लाकूड आणि फायबरच्या नकला करतोय, एकही झाडता येणार नाही. ठिणगी आणि धूर नंतर संगणकावर.

सरावलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढी. म्हणजे दोन बारांमध्ये वीस सेकंद. भयपटासाठी याहून चांगला आकडा नाही. आधुनिक झोंबीपटात नायक मशिनगन घेऊन पाचशे जण आडवे करतो, भीती कसली घंटा वाटणार? इथे एक बार, आणि मग वीस सेकंद काहीही नाही. मढं तीस पावलांवर, मिनिटाला पन्नास-साठ पावलं टाकतंय. गणित प्रेक्षकाच्या मनात आपोआप होतं. या वीस सेकंदांत कट घ्यायचा नाही असं छायालेखकाशी ठरलं. हात थरथरू दे, टोपी चिखलात पडू दे, गज अडकू दे.

शिवाय पाऊस. काडतुसाचा कागद ओला झाला की दारूचा चिखल. टोपीची बंदूक चकमकीच्या बंदुकीपेक्षा पावसाला कमी दाद देते खरी, पण नळीत ओली दारू गेली तर टोपी नुसती ‘टक्’ करते. तो ‘टक्’ हा आमच्या सिनेमातला सगळ्यांत भयानक आवाज असायला हवा.

कोरडं काय राहिलं आहे, यावर सगळा सिनेमा चाललाय हे आत्ता लक्षात आलं. दारू कोरडी हवी कंपनीला, शेणी कोरड्या हव्यात गावाला.

२१ जून

रंगभूषा. फॉरेन्सिकमधल्या एका डॉक्टरांनी दोन तास दिले. मेल्यावर दोन-चार तासांत अंग आखडायला लागतं, बाराएक तासांत पुरतं ताठ होतं, मग दीड-दोन दिवसांत हळूहळू सैल. गारठ्यात हा काळ लांबतो. त्यावरून चालीचे तीन प्रकार ठरवले: ताजे, ताठ, सैल. ताठांचे गुडघे वाकत नाहीत, म्हणून ते चढावर थांबतात. घाटातल्या गावाला हे कळतं, हा मधल्या अंकातला एकुलता एक विजय. दुसऱ्या दिवशी तेच ताठ सैल होतात आणि चढ चढून येतात.

बुडालेल्यांच्या हातापायांची कातडी पांढरी, सुरकुतलेली होते आणि पुढे मोज्यासारखी सुटते. रंगभूषाकार मुलीनं सिलिकॉनची असली हातमोजी कातडी बनवलीय. परटिणीचे हातही दिवसभर पाण्यात असतात, तिच्या तळव्यांवर तीच पांढरट सुरकुती हलकी वापरणार आहोत. कुणाच्या लक्षात आली तर आली.

लॅटेक्स पावसात सुटतं, साखरेच्या पाकाचं रक्त वाहून जातं आणि मुंग्या बोलावतं. सगळं सिलिकॉन आणि स्पिरिटवर बसणारे रंग. खर्च दुप्पट. निर्मात्याला उद्या सांगेन.

१२ जुलै

काल मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा मिळाला, त्यात पन्हाळाही आहे. अख्खा जिल्हा पेढे वाटतोय. आम्हीही खाल्ले. पन्हाळ्याच्या तटावर मढी चढवायची कल्पना आधीच डळमळीत होती, ती आज रीतसर मिटली. गडावर सिनेमाचं रक्त सांडण्याची परवानगी मागायला मी जाणार नाही, मिळाली तरी.

आता सगळं गगनबावड्याच्या वाटेवरच्या एका वाडीत आणि मोरेवाडीच्या चित्रनगरीत. नदीचे प्रसंग लहान ओढ्यावर. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी रोज बघायची: ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. आमचा नियम त्याहून कडक. ३५ च्या वर गेली की पाण्याजवळ कुणी उतरायचं नाही, नट असो वा मढं.

२७ जुलै

खरा पाऊस कॅमेऱ्याला दिसत नाही. डोळ्यांना कोसळतोय, मॉनिटरवर कोरडं. मागून दिवा टाकला की प्रत्येक थेंब उजळतो. म्हणून प्रत्येक रात्रीच्या चौकटीत मागे उंचावर एक दिवा, त्याला कारण म्हणून धुक्यातलं चांदणं. श्रावणात घाटात चांदणं कुठलं, असं विचारणारा प्रेक्षक भेटलाच तर त्याला चहा पाजेन.

इरलं घेतलेला माणूस पाठमोरा उभा, मागून उजेड. तो जिवंत आहे की नाही कळत नाही. ही चौकट फुकटात मिळाली. वाडीतल्या आबांनी स्वतःचं इरलं दिलं, वर म्हणाले, ‘परत द्या म्हंजे झालं, मेल्याच्या अंगावरनं काढल्यालं बी चालतंय.’

१ ऑगस्ट

३१ जुलैची रात्र मुद्दाम उठावाच्या प्रसंगासाठी ठेवली होती. पाऊसही वेळेवर आला. पहाटे पाचपर्यंत चाललं.

रात्री दोनच्या सुमारास मोठी रांग. वाडीतलीच तरुण पोरं, रंगवलेली, लाल कोटात, चिखलात उभी. सहायकानं बिगुल वाजवला आणि सगळी एका झटक्यात ताठ झाली. ज्यांच्या घरच्या ओसरीवरून आम्ही कॅमेरा लावला होता त्या आजी जाग्या होत्या. त्यांनी मला जवळ बोलावलं. ‘बाबा, मेल्याल्या माणसाला असं हिंडवू नगासा. त्येला घरला जायाचं असतंय.’

मी म्हटलं, शेवटी जातात घरी. म्हणाल्या, ‘मग लौकर धाडा की. कशाला ताटकळत ठेवतायसा?’

संपादनात मधला अंक लांबला की हेच ऐकू येणार मला.

नातू त्या रांगेत तिसरा होता. सकाळी रंग उतरवल्यावरच त्याला आजींनी घरात घेतलं, त्याआधी उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकला. आमच्या छायालेखकानं हळूच स्वतःवरूनही ओवाळून घेतला.

९ ऑगस्ट

तोफेचा प्रसंग. हा लिहायला सगळ्यांत जास्त वेळ लागला होता.

तोफेच्या तोंडी देणं ही शिक्षा कंपनीनं शोधलेली नाही, मुघलांपासून चालत आलेली. पण सत्तावन्नमध्ये कंपनीनं ती पद्धतशीर वापरली. साताऱ्याच्या गेंडामाळावर ८ सप्टेंबर १८५७ ला सतरा जणांना मारलं: पाच फाशी, सहा तोफेच्या तोंडी, सहा गोळ्या घालून. साताऱ्याच्या छत्रपतींचे वकील रंगो बापूजी, त्यांचा मुलगा सीताराम त्यांत होता. रंगो बापूजी स्वतः कधीच सापडले नाहीत. तोफेचा हेतू नुसता जीव घेण्याचा नव्हता. देहच उरू नये, म्हणजे ना अग्नी ना माती. पाहणाऱ्याला पुढच्या जन्माचीही भीती बसावी.

आता आमच्या गोष्टीचा काटा इथे आहे. मढं थांबवायचा खात्रीचा उपाय एकच: त्याचे तुकडे होणं. देह नाही तर उठणारही नाही. म्हणजे कंपनीची तोफ हे औषध आहे, आणि ती काम करते. साहेब गावाला सांगतो, पोरं वाचवायची असतील तर शिपाई आमच्या हवाली करा, तोफा आणल्यात. गावातली निम्मी माणसं ‘हो’ म्हणतात आणि ती वेडी नाहीत. दुसऱ्या बाजूला परटीण, जिच्याकडे फक्त वेळखाऊ उपाय आहे: एकेकाला धरायचं, कॉलर उलटायची, खूण वाचायची, ज्याचं त्याला द्यायचं. शेणींच्या पंधरा राशी, पाच खड्डे, आणि रात्र संपत आलेली.

साहेबाला मूर्ख किंवा क्रूर करू नका असं मी नटाला सांगितलं. त्याला खरंच वाटतं की तो मदत करतोय. नटानं तसं केलं आणि प्रसंग फार जड झाला. चहा घेताना कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

तोफ डागलेली आम्ही दाखवत नाही. परटिणीच्या चेहऱ्यावर थांबतो, आवाज येतो, आणि मग वरून खाली येणाऱ्या लाल कापडाच्या चिंध्या. त्यातली एक तिच्या पायाशी. ती उचलते, उलटते. खूण आहे.

कोल्हापुरात १९२० मध्ये बाबूराव पेंटरांनी ‘सैरंध्री’त कीचकवध इतका खरा दाखवला की तो प्रसंग कापावा लागला. शंभर वर्षांनी त्याच गावात आम्ही न दाखवून भागवतोय. पैसे नाहीत हेही एक कारण, उगाच कलेचा आव नको.

३० ऑगस्ट

आवाज. बंडवाल्या पलटणी उठावानंतरही कंपनीचाच बिगुल, कंपनीचीच इंग्रजी कवायत वापरत होत्या. दुसरी येतच नव्हती. म्हणून सिनेमात पहिल्या अर्ध्या तासात हाच बिगुल बंडाचा आहे, ऐकून अंगावर मूठभर मांस चढावं असा. मध्यंतरानंतर तोच, तसाच, एक स्वरही न बदलता, मेलेल्यांना उठवतो. संगीतकाराला दुसऱ्या वेळी खाली तंबोऱ्याची बेसूर जोड द्यायची होती. नको म्हटलं. काहीही जोडायचं नाही.

‘टक्’ मात्र सापडत नाहीये. खऱ्या बंदुकीचा घोडा रेकॉर्ड केला तर खेळण्यासारखा वाटतो. आत्तापर्यंतचा सगळ्यात जवळचा: अडकित्त्यात अडकलेली सुपारी.

१९ सप्टेंबर

संपादन. दोन तास अकरा मिनिटांचा पहिला जोड. आजींचं ऐकून मधला अंक बारा मिनिटांनी कापला. इनामदाराच्या वाड्यातला पूर्ण प्रसंग गेला, त्यासोबत त्या वाड्याचं भाडंही गेलं म्हणायचं.

शेवटच्या अंकाला हात लावला नाही. परटीण खुणा वाचते तो भाग सलग नऊ मिनिटं आहे. निर्मात्याला तो लांब वाटतो, झोंबीपटाच्या शेवटी मारामारी हवी म्हणतो. मी त्याला शेवट पुन्हा दाखवला, या वेळी खुणा मोजत बघ म्हटलं. एकूण वीस देह आहेत आणि त्यातल्या एकोणीसच खुणा खऱ्या. विसाव्याचा कोट त्याचा नाही, म्हणजे बंडाच्या रात्री पळताना कुणा दुसऱ्याचा अंगात घातलेला. खूण एकाची, देह दुसऱ्याचा. तिला ठरवावं लागतं. निर्माता म्हणाला, ‘मग ती काय करते ते स्पष्ट दाखव की.’ ती काय करते ते स्पष्टच आहे, ती त्याचे हात बघते. त्यावरून तिनं काय ओळखलं ते मी सांगणार नाही. या मुद्द्यावर आमचं अजून भांडण चालू आहे.

५ ऑक्टोबर

सेन्सॉरच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज. नव्या नियमांत यूए चे तीन टप्पे आहेत: ७+, १३+, १६+. आम्ही १६+ मागतोय, मनगटाच्या प्रसंगावर ‘ए’ मिळू शकतं. ‘ए’ मिळालं तर टीव्हीचे हक्क अवघड, आणि निर्मात्याचा अर्धा हिशेब टीव्हीवर आहे. पर्यायी जोड तयार ठेवलाय, त्यात मनगट चौकटीबाहेर. खरं सांगायचं तर तोच जास्त अंगावर येतो.

उरलेलं: धुराचे एकोणीस शॉट संगणकावर बाकी. उपशीर्षकांत परटिणीची बोली सपाट झालीय, पुन्हा करायची. आबांचं इरलं परत पोचवायचं. वाडीत दाखवायला पडदा आणि प्रोजेक्टर ठरवायचा, दिवाळीच्या आधी, आणि आजींना पुढची खुर्ची.